हाडात किंवा सांध्यात पू झालेले मूल : निदान आणि उपचार कोणत्या क्रमाने करावेत

ताप असलेले मूल पाय टेकवेनासे झाले, की बहुतेक ठिकाणी घटना एकाच रांगेने घडत जातात. पहिल्या दिवशी ‘खेळताना पडला असेल’ म्हणून तापाचे सिरप, दुसऱ्या दिवशी तेल लावून चोळणे, तिसऱ्या दिवशी एक्स-रे, तो नॉर्मल आला म्हणून क्रेप बँडेज किंवा प्लास्टरची पट्टी, ताप हटत नाही म्हणून चौथ्या दिवशी अँटिबायोटिकचे इंजेक्शन, आणि आठवड्याने मांडी फुगली की मोठ्या रुग्णालयाच्या नावाची चिठ्ठी. यातले एकेक पाऊल सुटे पाहिले तर समजून घेता येते, पण क्रम चुकलेला असतो. आणि हाडासांध्यांच्या जंतुसंसर्गात मुलाचे जे कायमचे नुकसान होते, ते औषध नव्हते म्हणून क्वचितच होते, बहुतेक वेळा ते क्रम चुकल्यामुळे होते.

हा लेख तालुक्याच्या गावातील डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी आणि बालरोग व अस्थिरोग विभागांतील निवासी डॉक्टर यांच्यासाठी लिहिला आहे. पालकांनी पहिला आणि शेवटचा टप्पा जरूर वाचावा; मात्र पुढे दिलेल्या औषधांच्या मात्रा डॉक्टरांसाठी आहेत, त्या घरी वापरण्यासाठी नाहीत.

## टप्पा १ : संशय वेळेवर घेणे

मुलांमध्ये हे जंतू बहुधा रक्तातून येतात. लांब हाडाच्या टोकाशी, वाढचकतीच्या (हाडाची लांबी जिथून वाढते त्या कूर्चेच्या थराच्या) लगत, रक्तवाहिन्या वळण घेतात आणि तिथे रक्ताचा वेग मंदावतो. जंतू तिथेच ठाण मांडतात. म्हणून दुखण्याची नेहमीची जागा मांडीच्या हाडाचे खालचे किंवा वरचे टोक, नडगीचे वरचे किंवा खालचे टोक आणि दंडाच्या हाडाचे वरचे टोक ही असते. खुबा, खांदा, कोपर आणि घोटा या चार ठिकाणी हाडाचा हा भाग सांध्याच्या आवरणाच्या आत येतो, त्यामुळे हाडातला पू थेट सांध्यात फुटू शकतो. शिवाय सुमारे दीड वर्षापर्यंतच्या बाळांत वाढचकती ओलांडून जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, आणि म्हणूनच लहान बाळात हाड व सांधा दोन्ही एकदम बिघडलेले आढळतात.

संशय घेण्याचा नियम सोपा ठेवावा. एखादे मूल हात किंवा पाय वापरत नसेल, किंवा चालणारे मूल पाय टेकवत नसेल, आणि त्याचे दुसरे कारण त्याच दिवशी ठामपणे सांगता येत नसेल, तर तो जंतुसंसर्ग आहे असे धरून पुढच्या टप्प्यावर जावे. ताप असेल तर संशय बळावतो. ताप नाही म्हणून तो जात नाही.

वयाप्रमाणे चित्र बदलते. नवजात बाळाला अनेकदा ताप येतच नाही. ते दूध कमी पिते, लंगोट बदलताना किंचाळते, एक पाय निपचित ठेवते, आणि घरच्यांना वाटते की बाळंतपणात पाय ओढला गेला असावा. नवजात अतिदक्षता विभागात राहून आलेल्या बाळाच्या बाबतीत, विशेषतः जांघेतल्या शिरेतून रक्त काढलेले असल्यास, खुब्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. सहा महिने ते चार वर्षे या वयात किंगेला किंगी नावाचा जंतू सौम्य रूप घेऊन येतो. ताप थोडा, मूल हसतेही, पण पाय टेकवत नाही. मोठे मूल गुडघा दुखतो म्हणते आणि दोष खुब्यात असतो. दोन-अडीच वर्षांचे मूल बसायलाच नकार देत असेल, तर मणक्यांमधल्या चकतीचा संसर्ग आठवावा.

सावधान : पडल्याचा इतिहास मिळाला म्हणून संसर्ग नाही असे ठरत नाही. चालते मूल रोजच पडते, आणि आजी-आजोबा विचारल्यावर एखादे पडणे सांगतातच. दुखऱ्या भागाला तेलाने चोळणे, शेकणे किंवा हाडवैद्याकडून ओढून घेणे त्याच क्षणी थांबवायला सांगावे.

## टप्पा २ : मुलाला आईच्या मांडीवरच तपासणे

या तपासणीला जेमतेम दहा मिनिटे लागतात, पण घाई केली तर तीच वाया जातात. मुलाला टेबलावर झोपवले की ते रडू लागते, आणि मग सगळेच दुखते असे वाटते. त्याला आईच्या मांडीवर राहू द्यावे, कपडे काढायला लावावेत आणि दोन मिनिटे हात न लावता पाहावे. कोणता पाय हलतो, कोणता हलत नाही? खुब्यात पू असेल तर मूल पाय थोडा दुमडून, बाहेर फाकवून आणि बाहेरच्या बाजूला वळवून ठेवते, कारण त्या स्थितीत सांध्याच्या पोकळीत सर्वाधिक जागा होते आणि ताण कमी होतो. गुडघ्यात पू असेल तर गुडघा अर्धवट वाकलेला राहतो.

नंतर चांगल्या पायापासून सुरुवात करावी. दुखरा पाय शेवटी घ्यावा, आणि तोही लांबच्या टोकाकडून. एकाच बोटाने हाडाची टोके क्रमाने दाबत जावे आणि त्या वेळी पायाकडे न पाहता मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे. अंगठ्याएवढ्या जागेवर बोट पडताच भुवया आकसल्या आणि हात आईच्या पदराकडे गेला, की जागा सापडली. त्या जागेवर पेनाने खूण करावी. मग पाय सरळ ठेवून लाटण्यासारखा हलकेच आत-बाहेर फिरवावा. एवढ्याशा फिरवण्यालाही मूल विरोध करत असेल तर दोष खुब्याच्या सांध्यात आहे. खुबा वाकलेला आहे, सरळ होत नाही, पण वाकलेल्या स्थितीत गोल फिरतो, असे असेल तर पोटामागच्या सोअस स्नायूतला पू शोधावा.

पायाखेरीज पाहायच्या गोष्टी : त्वचेवरची गळवे, कांजिण्यांच्या खपल्या, नाभी, सलाईनच्या जुन्या जागा, हिरड्या सुजून रक्ताळलेल्या आहेत का, कारण स्कर्व्हीतही (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या आजारातही) मूल पाय हलवत नाही, यकृत, प्लीहा, गाठी आणि त्वचेवरचे रक्ताचे ठिपके, कारण रक्ताचा कर्करोगही हाडदुखी आणि ताप घेऊन येतो.

पडताळणी : नाडी, श्वासाची गती, नखावर दाबल्यानंतर रंग परतायला लागणारा वेळ आणि वजन हे चार आकडे कागदावर आले का? हातपाय गार असतील, रंग परतायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल किंवा मूल सुस्त असेल, तर ते जंतुदोषाच्या धक्क्यात आहे. अशा मुलाला रक्ताचा कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेऊन लगेच सलाईन आणि अँटिबायोटिक द्यावे. पुढचे टप्पे नंतर.

## टप्पा ३ : सुई हातात घेण्याआधीची तयारी

सर्वाधिक चुका इथे होतात, कारण तयारीकडे काम म्हणून कोणी पाहत नाही. मुलाला तोंडाने देणे थांबवावे आणि शेवटचे खाणे किती वाजता झाले ते लिहावे. भुलीसाठी जेवण, वरचे किंवा पावडरचे दूध यांना ६ तास, आईच्या दुधाला ४ तास आणि पाण्याला २ तासांचे अंतर लागते. ‘बघू या’ म्हणत मुलाला बिस्किटे दिली जातात आणि खुबा उघडायला सहा तास उशीर होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो द्यावे. त्याने निदान झाकले जात नाही. दुखरे अंग उशी किंवा हलक्या खपाटीवर आरामात ठेवावे. पूर्ण गोल प्लास्टर घालू नये, कारण आतली सूज दिसेनाशी होते.

अस्थिशल्यचिकित्सकाला फोन याच वेळी करावा. तपासण्यांचे निकाल आल्यावर करायचा फोन तो नव्हे. ते उपलब्ध नसतील तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलून १०८ रुग्णवाहिका बोलवावी आणि चिठ्ठीवर वजन, शेवटच्या खाण्याची वेळ, पेनाने खूण केलेली जागा आणि कल्चर घेतला की नाही, हे चार मुद्दे लिहावेत.

बाटल्या समोर मांडून ठेवाव्यात : मुलांच्या रक्त-कल्चरच्या दोन बाटल्या (एक रक्तासाठी, एक पुवासाठी), निर्जंतुक रिकामी डबी, पेशी मोजण्यासाठी जांभळ्या झाकणाची नळी आणि क्षयरोगाच्या सीबीनॅट तपासणीसाठी आणखी एक डबी. फॉर्मॅलिन असलेल्या डबीत पू घालू नये. त्यात जंतू मरतात आणि नमुना वाया जातो.

## टप्पा ४ : रक्त आणि प्रतिमा

आधी रक्ताचा कल्चर, मग बाकीचे रक्त. त्वचा क्लोरहेक्सिडीनने पुसून ती सुकू द्यावी. बाळाचे किमान १ मिलिलिटर आणि मोठ्या मुलाचे ३ ते ५ मिलिलिटर रक्त बाटलीत जावे. थेंबभर रक्त पाठवून ‘कल्चर निगेटिव्ह’ असा अहवाल मिळवण्यात अर्थ नाही. पुरेसे रक्त घेऊनही सुमारे निम्म्या किंवा त्याहून कमी मुलांतच जंतू उगवतो, म्हणून पुवाचा नमुना टाळता येत नाही.

त्यासोबत संपूर्ण रक्तगणना आणि काचपट्टीवरची रक्ततपासणी, सीआरपी आणि ईएसआर (शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोन रक्ततपासण्या) पाठवावे. सीआरपी संसर्गानंतर सहा-आठ तासांत चढू लागते, दोन दिवसांत कळस गाठते आणि योग्य उपचार झाले तर आठवड्याभरात उतरते. ईएसआर चढायलाही सावकाश आणि उतरायला तीन आठवडे किंवा अधिक. म्हणून रोजच्या निर्णयासाठी सीआरपी पाहावी. पांढऱ्या पेशी नॉर्मल असल्या तरी हाडात पू असू शकतो, नवजात बाळात तर नक्कीच.

सावधान : काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. दुसऱ्या एककातले ६ म्हणजे पहिल्यातले ६०. आकड्याशेजारचे एकक वाचल्याशिवाय ‘सीआरपी थोडी वाढली आहे’ असे लिहू नये.

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर आणि विदर्भाच्या इतर भागांतील मुलांची सिकलसेल तपासणी याच रक्तातून करून घ्यावी. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा खंडित होऊन होणारी हाडदुखी संसर्गापेक्षा पुष्कळ अधिक आढळते आणि तिच्यातही ताप येतो. पण संसर्ग झालाच तर त्यात साल्मोनेला असण्याची शक्यता असते आणि अँटिबायोटिकची निवड बदलते.

एक्स-रे काढावा, दोन्ही बाजूंचा, पण तो संसर्ग नाकारण्यासाठी नव्हे. हाडातले बदल दिसायला १० ते १४ दिवस लागतात, कारण खनिजाचा ३० ते ५० टक्के भाग गेल्याशिवाय एक्स-रेवर काही उमटत नाही. एक्स-रेचा उपयोग फ्रॅक्चर, गाठ, पर्थेस आजार (मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटणे) किंवा मांडीच्या हाडाचे डोके घसरणे शोधायला होतो; मऊ भागाची सूज मात्र तीनेक दिवसांत दिसू शकते. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, घाबरू नका’ हे वाक्य या आजारात जितके नुकसान करते तितके दुसरे कोणतेही करत नसेल.

खुब्याची सोनोग्राफी दोन्ही बाजूंची करून घ्यावी. दोन बाजूंत २ मिलिमीटरहून अधिक फरक म्हणजे सांध्यात पाणी आहे. पण ते पाणी साधे की पू, हे सोनोग्राफी सांगत नाही. सर्दीनंतर येणाऱ्या तात्पुरत्या खुबेदुखीतही पाणी साचते. हा भेद करण्यासाठी बोस्टनमधील कोकर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चार निकष मांडले : ताप ३८.५ अंश सेल्सिअसहून अधिक, पाय न टेकवणे, ईएसआर ४० हून अधिक, पांढऱ्या पेशी १२,००० हून अधिक. मूळ अभ्यासात चारही असल्यास पुवाची शक्यता ९९ टक्क्यांहून अधिक निघाली. इतरत्र पडताळले तेव्हा ती बरीच कमी भरली. सीआरपी २० मिलिग्रॅम प्रति लिटरहून अधिक हा निकष नंतर जोडला गेला. माझ्या मते हे निकष सुई घालण्याची घाई करावी का, एवढेच ठरवायला वापरावेत. सुई न घालण्याचे कारण म्हणून वापरू नयेत. किंगेलाच्या संसर्गात ते हमखास फसवतात.

हाडाच्या संसर्गासाठी सर्वांत चांगली तपासणी एमआरआय. मणका आणि ओटीपोटाच्या हाडांसाठी तिला पर्याय नाही. लहान मुलाला त्यासाठी भूल लागते, म्हणून शस्त्रक्रियागृहाशी वेळ जुळवून एकाच भुलीत एमआरआय आणि निचरा करता येतो का ते विचारावे. मात्र सांध्यात पू असल्याचे उघड असताना एमआरआयच्या तारखेची वाट पाहत थांबणे ही चूक आहे.

## टप्पा ५ : सुईने पू काढणे

गुडघ्यासारखा वरवरचा सांधा निर्जंतुक तयारीने वॉर्डातच सुईने तपासता येतो. खुबा मात्र सोनोग्राफीच्या मदतीने किंवा शस्त्रक्रियागृहात भुलीखालीच करावा. खुब्यातून काहीच आले नाही, तर सुई सांध्यात होती की नाही हे सिद्ध होईपर्यंत त्याला ‘पू नाही’ म्हणू नये. थोडे सलाईन किंवा रंगद्रव्य सोडून जागा पक्की करावी. हाडासाठी जाड सुई दुखऱ्या जागी आधी हाडाच्या आवरणापर्यंत न्यावी आणि ओढून पाहावे; पू आला नाही तर बाहेरचे कवच भेदून आत जाऊन पुन्हा ओढावे.

सिरिंजमध्ये जे येईल ते वाटायचा क्रम पाळावा. पहिला भाग निर्जंतुक डबीत कल्चर आणि ग्रॅम रंजनासाठी (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी), दुसरा थेट रक्त-कल्चरच्या बाटलीत, कारण किंगेला साध्या थाळीवर सहसा उगवत नाही आणि बाटलीत उगवण्याची शक्यता वाढते, तिसरा जांभळ्या नळीत पेशी मोजण्यासाठी, उरलेला सीबीनॅटसाठी. केवळ दोन-तीन थेंब मिळाले तर ते बाटलीत जावेत. सांध्यातल्या द्रवात ५०,००० हून अधिक पेशी असल्या तर पू धरावा; सुरुवातीच्या काळात त्या कमीही असतात.

सावधान : लाल, सुजलेल्या त्वचेतून सुई घालून निरोगी सांध्यात जाऊ नये. शक्य तितकी स्वच्छ त्वचा असलेली बाजू निवडावी.

पडताळणी : प्रत्येक डबीवर नाव, जागा, बाजू, तारीख आणि वेळ आहे का? नमुना फ्रीजमध्ये न ठेवता प्रयोगशाळेत हातोहात गेला का?

## टप्पा ६ : अँटिबायोटिक, नमुने घेतल्याबरोबर

नमुने हाती आले की पहिली मात्रा त्याच तासात द्यावी. अहवालाची वाट पाहू नये. अपवाद दोन : जंतुदोषाच्या धक्क्यातले मूल आणि नवजात बाळ. त्यांना रक्ताचा कल्चर घेऊन लगेच औषध द्यावे, पू नंतर काढावा. दुसऱ्या गावी पाठवायला कित्येक तास लागणार असतील तरीही रक्ताचा कल्चर घेऊन मात्रा द्यावी आणि बाटली रुग्णवाहिकेत मुलासोबत पाठवावी.

तीन महिन्यांहून मोठ्या मुलात मुख्य लक्ष्य स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो. शिरेतून सेफाझोलिन १०० ते १५० मिलिग्रॅम प्रति किलो प्रतिदिन तीन भागांत, किंवा क्लॉक्सासिलिन २०० मिलिग्रॅम प्रति किलो प्रतिदिन चार भागांत. चार वर्षांखालील मुलाला सेफाझोलिन अधिक बरे, कारण ते किंगेलावरही चालते. क्लिंडामायसिन आणि व्हॅन्कोमायसिन किंगेलावर सहसा चालत नाहीत. मूल फार आजारी असेल, किंवा आपल्या भागात मेथिसिलिनला (म्हणजे क्लॉक्सासिलिनच्या गटाला) न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस वारंवार आढळत असेल, तर व्हॅन्कोमायसिन १५ मिलिग्रॅम प्रति किलो दर सहा तासांनी जोडावे आणि मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावे. बरी स्थिती असलेल्या मुलात क्लिंडामायसिन ३० ते ४० मिलिग्रॅम प्रति किलो प्रतिदिन हा पर्याय आहे. अहवालात एरिथ्रोमायसिन निष्प्रभ दाखवले असेल तर प्रयोगशाळेला डी-टेस्ट (क्लिंडामायसिन पुढे निष्प्रभ होईल का, हे सांगणारी तपासणी) मागावी. तीन महिन्यांखाली स्टॅफिलोकॉकसविरोधी औषधासोबत ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवरचे औषध लागते. नवजात बाळाच्या मात्रा दिवस आणि वजनाप्रमाणे बदलतात, त्या आपल्या विभागाच्या तक्त्यातूनच घ्याव्यात. सिकलसेलच्या मुलात सेफ्ट्रिअॅक्सोन जोडावे.

इथल्या तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, एकट्या सेफ्ट्रिअॅक्सोनवर विसंबणे; स्टॅफिलोकॉकसवर ते क्लॉक्सासिलिन-सेफाझोलिनइतके प्रभावी नाही. दुसरी, घरी पाठवताना सेफिक्झिम लिहून देणे. सेफिक्झिम स्टॅफिलोकॉकसवर जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि इंजेक्शनने आवरत आणलेला संसर्ग त्यावर पुन्हा डोके वर काढतो. तिसरी, निदानाआधीच लेव्होफ्लॉक्सासिन, अमिकासिन किंवा लिनेझोलिड सुरू करणे. ही तिन्ही औषधे क्षयरोगाच्या जंतूवरही थोडीबहुत चालतात आणि मग हाडाचा क्षय महिनोन्महिने लपून राहतो.

## टप्पा ७ : निचरा, आणि तो किती लवकर

सांध्यातल्या पुवातले विकर कूर्चा विरघळवतात, आणि प्रयोगांत हे नुकसान काही तासांतच सुरू झालेले दिसले आहे. खुब्यात तर भर पडते ती वाढलेल्या दाबाची : मांडीच्या हाडाच्या डोक्याकडे जाणारे रक्त त्या दाबाने बंद होते आणि डोके मरते. म्हणून खुब्यातला पू ही रात्रीची शस्त्रक्रिया आहे. ती सकाळच्या यादीत ढकलू नये. शस्त्रक्रियेने सांधा उघडून भरपूर सलाईनने धुवावा. गुडघा दुर्बिणीने धुता येतो, आणि लवकर आलेल्या मुलात सुईने पुनःपुन्हा रिकामा करून चालते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा पू साचला तर उघडावाच. सांध्यात अँटिबायोटिक सोडण्याची गरज नसते. रक्तातून ते पुरेसे पोहोचते.

हाडाच्या संसर्गात प्रत्येक मुलाला शस्त्रक्रिया लागत नाही. आवरणाखाली पू साचला असेल, किंवा ४८ ते ७२ तास योग्य औषध देऊनही ताप आणि दुखणे हटत नसेल, तेव्हा पू काढावा. काढताना वाढचकतीला इजा होऊ देऊ नये आणि जिवंत आवरण हाडापासून अनावश्यक सोलू नये.

बाळाच्या खुब्याचा निचरा झाल्यावर पाय फाकवलेल्या स्थितीत ठेवावेत, नाहीतर सैल झालेल्या सांध्यातून हाड निसटते. हे विसरले गेलेले एक बाळ माझ्याकडे आठव्या महिन्यात आले होते. पू उत्तम काढला होता, जखम छान भरली होती, आणि लंगोट सोडताच एक मांडी आखूड दिसत होती.

## टप्पा ८ : रोजची पाहणी आणि तोंडी औषधावर जाणे

रोज तीन गोष्टी लिहाव्यात : सर्वाधिक ताप, अंग किती हलवतो, आणि सीआरपी, ही शेवटची दर दोन दिवसांनी. निचऱ्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत शस्त्रक्रियेमुळेच सीआरपी थोडी चढते. त्याला घाबरू नये. चौथ्या दिवसापर्यंत ती कळसाच्या निम्म्यावर यायला हवी.

ताप २४ ते ४८ तास नाही, दुखणे स्पष्ट कमी, सीआरपी निम्म्याहून खाली, कल्चर पुन्हा निगेटिव्ह आणि मूल औषध उलटून टाकत नाही, एवढे जुळले की तोंडी औषधावर जाता येते. फिनलंडमधील पेल्टोला यांच्या अभ्यासांत दोन ते चार दिवस इंजेक्शन आणि मग तोंडी औषध देऊन साध्या हाडसंसर्गात एकूण २० दिवस, तर सांध्यात १० दिवस पुरले होते. ते निष्कर्ष लवकर आलेल्या आणि मेथिसिलिनला दाद देणाऱ्या जंतूच्या मुलांचे आहेत. आपल्याकडे आठवडाभर उशिरा येणारे मूल त्या गटात बसत नाही. साध्या हाडसंसर्गात एकूण तीन ते चार आठवडे, सांध्यात दोन ते तीन आठवडे, आणि नवजात बाळ, मेथिसिलिनला न जुमानणारा जंतू किंवा उशिराचे मूल असल्यास चार ते सहा आठवडे, असे मी धरतो. खुब्यात मी हात आखडत नाही.

तोंडी सेफालेक्सिन ७५ ते १०० मिलिग्रॅम प्रति किलो प्रतिदिन तीन-चार भागांत. कानाघशासाठी देतो त्या नेहमीच्या मात्रेच्या हे जवळपास दुप्पट आहे आणि औषधविक्रेता हमखास शंका काढतो, म्हणून चिठ्ठीवर ‘मोठी मात्रा हेतुपुरस्सर’ असे लिहावे. लिनेझोलिड दोन आठवड्यांहून अधिक चालवायचे असेल तर दर आठवड्याला रक्तगणना करावी.

पडताळणी : पोटरी किंवा मांडी अचानक अधिक सुजली, किंवा श्वास लागला, तर शिरेतली गुठळी आणि फुप्फुसात गेलेले जंतूंचे पुंजके आठवावेत. त्याच दिवशी छातीचा एक्स-रे आणि डॉपलर सोनोग्राफी करावी.

## टप्पा ९ : सुधारत नसेल तर

औषध बदलण्याआधी हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. न काढलेला पू उरला आहे का? मात्रा वजनाप्रमाणे पुरेशी आहे का? जंतू वेगळा आहे का? निदानच वेगळे आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा ‘हो’ असते, आणि तरीही आपण चौथ्या अँटिबायोटिककडे वळतो.

वेगळ्या निदानात दोन विसरू नयेत. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांतल्या दोन रांगा घटलेल्या असतील तर अस्थिमज्जा तपासल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नये, कारण त्याने रक्ताचा कर्करोग तात्पुरता दबतो आणि निदान हातचे जाते. दुसरे म्हणजे क्षयरोग : आठवडे-महिने रेंगाळलेली सूज, वजन घटलेले, ताप कमी, घरात कोणाला क्षय. इथे ऊतीचा तुकडा सीबीनॅट, कल्चर आणि सूक्ष्मदर्शक तपासणीला पाठवावा. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि हाडाच्या क्षयाचे उपचार १२ महिने चालतात, गरजेप्रमाणे १८ पर्यंत. सहा महिन्यांवर ते थांबवणे ही नेहमीची चूक आहे.

## टप्पा १० : घरी पाठवताना आणि नंतर

पालकांना तीन गोष्टी बोलून सांगाव्यात आणि लिहूनही द्याव्यात. मूल हसू-खेळू लागले तरी औषध ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचे. ताप, नवी सूज किंवा पाय टेकवायला पुन्हा नकार दिसला, तर त्याच दिवशी परत यायचे. आणि मांडी किंवा नडगीत मोठा संसर्ग झालेला असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत मुलाला उड्या मारू द्यायच्या नाहीत, कारण पोखरलेले हाड मोडते.

भेटी एका आठवड्याने, औषध संपताना सीआरपीसह, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रेसह ठेवाव्यात. वाढचकतीजवळचा किंवा खुब्याचा संसर्ग असेल तर वाढ पूर्ण होईपर्यंत दरवर्षी दोन्ही पायांची लांबी मोजावी : कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत, त्याच टेपने, मूल सरळ झोपलेले असताना. मोजलेले आकडे पालकांच्या हातातल्या कार्डावर लिहावेत, रुग्णालयाच्या नोंदवहीत नव्हे, कारण पुढची मोजणी कदाचित दुसऱ्या गावातला दुसरा डॉक्टर करणार असतो.